एनिडचा ससा पेटीत शिरतो

एनिड थॅक्रे जन्मभर ग्रंथालयात नोकरीला होती, म्हणजे जन्मभर कुजबुजली. मी जन्मभर नाताळच्या नाटकांत फुगीर झगे घालून म्हाताऱ्या बायकांची सोंगं केली. शेवटच्या रांगेला ऐकू गेलं नाही तर पोटात अन्न जात नसे. यॉर्कशरच्या किनाऱ्यावर, आमच्या वृद्धांच्या इमारतीत, आम्ही समोरासमोर राहतो. इतकी भिडस्त बाई मी पाहिली नाही. कपाटाला धडकली तर ती कपाटाची माफी मागते.

तिच्या करड्या सशाचं नाव कर्नल. मागे आगीचा सराव झाला, तेव्हा घंटा वाजताच हे शूर कर्नल पलंगाखाली दडले. एनिड त्याला सोडून बाहेर येईना, आणि डोकी मोजून झाल्याशिवाय कुणी आत जायचं नाही, हा नियम. आम्ही सगळे झोपायच्या कपड्यांत समुद्राचं वारं खात उभे. रहिवासी समितीचे अध्यक्ष ग्लेडहिल यांनी तिथंच फर्मान काढलं: पुढच्या बैठकीत ससा सांगताक्षणी त्याच्या न्यायच्या पेटीत शिरला तर राहील, नाहीतर जाईल एनिडच्या भाचीकडे.

"भाचीकडे शिकारी कुत्रे आहेत, लेन," एनिड मला म्हणाली.

"मग शिकव त्याला, राणी. मी शिंगरांना स्टेजवर लाजायला शिकवलंय."

तिनं क्लिकर आणला, बोटानं दाबला की 'टिक्' करणारी डबी. रीत सोपी. सशाला उचलायचं नाही, आपणच जमिनीवर बसायचं. टिक्, लगेच कोथिंबिरीचं पान. टिक् म्हणजे खाऊ, एवढं त्याला कळलं की काठीच्या टोकाला चेंडू लावायचा. सशानं नाक लावलं की टिक् आणि पान. मग चेंडू हळूहळू पेटीत न्यायचा. कर्नल हुशार निघाला. एनिडची बोटं मात्र संधिवाताची. डबी दाबायला उशीर, पान काढायला त्याहून उशीर. दर वेळी पान देण्याआधी ती पुटपुटायची, "सॉरी हं, कर्नल." मी दारातून टाळ्या वाजवायचो. आमच्या दोघांच्याही काही लक्षात आलं नाही.

बैठकीच्या दिवशी हॉल भरला. मधोमध पेटी. एनिडनं काठी पुढं केली, टिक् केलं. कर्नल ढिम्म.

तेवढ्यात मिसेस पिकर्सगिल यांची खुर्ची करकरली. "सॉरी!"

कर्नल तीरासारखा सुटला आणि त्यांच्यापुढे दोन पायांवर उभा राहिला.

"अगंबाई! सॉरी एनिड, मी बोलावलं नव्हतं गं त्याला."

तो तिथंच अधिक ताठ झाला. पलीकडे कुणाचा चमचा पडला. "सॉरी!" कर्नल तिकडे. त्याला वाट देताना कुणाचा पाय कुणाच्या पायावर पडला. दोघंही एकदम सॉरी म्हणाले, आणि बिचारा मध्येच गरगर फिरला. इंग्रजांनी भरलेल्या हॉलमध्ये हा शब्द थांबवणं म्हणजे भरती थोपवणं.

"शांतता!" ग्लेडहिल गरजले. "हा ससा पेटी सोडून सगळीकडे जातोय. माझ्या मते प्रश्न निकालात निघाला."

एनिडचा चेहरा चुन्यासारखा झाला. मी उठणार, तोच ती गुडघे धरत जमिनीवर टेकली, घरी बसायची तशी, पेटीला लागून. क्लिकर तिनं खिशात टाकला. मग सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "सॉरी, कर्नल."

कर्नल वळला, टणाटण उड्या मारत आला आणि सरळ पेटीत शिरला. तिनं आत पान सारलं आणि दार लावलं.

टाळ्यांचा असा कडकडाट मला माझ्या भरभराटीतही मिळाला नाही. ग्लेडहिल यांनी मिशा चाचपल्या.

"ठीक आहे, राहू दे. पण खरी आग लागली आणि सगळे माफ्या मागत जिना उतरले, तर हा कुणामागे धावेल?"

बराच खल झाला. शेवटी ठराव एकमतानं संमत: घंटा वाजल्यावर कर्नल पेटीत जाईपर्यंत इमारतीत एनिडखेरीज कुणी कुणाची माफी मागू नये. परवा पहिला सराव झाला. मिसेस पिकर्सगिल यांनी जिन्यात मला चुकून कोपर मारलं, ओठ घट्ट मिटले आणि लालबुंद होऊन खाली उतरल्या. पेटी घेऊन एनिड आमच्या आधीच अंगणात पोचली होती.