पिठाच्या डब्यामागचा फोन

टेलिफोनच्या तारेवरून आमच्या घरी टीव्ही आला, आणि ही बातमी इच्छापूरच्या मेहुण्याला सांगायला मी त्याच तारेवरून फोन लावला. हसा. मीही हसलो असतो, समोर तो नसता तर.

तो म्हणजे आमच्या गल्लीचा लाइनमन. तारेचं उघडं टोक जिभेला लावायचा, डोळे मिटायचा आणि म्हणायचा, "जीव आहे, भाऊ!" खुर्ची दिली तरी बसायचा नाही. चहासुद्धा उभ्यानं, नजर खांबावर.

तारेतून टीव्ही दाखवायचा प्रयोग बुऱ्हाणपुरात ठरला, तेव्हा त्यानं साहेबांकडे हट्ट धरून आमची गल्ली मागून घेतली. चित्र टिकलं तर त्याची तांब्याची लाइन राहणार होती, आणि लाइनीवर तोही. नाहीतर बदली धूलकोटला. पण चित्र रोज मधेच तुटायचं. पंधरा दिवस तो शिडी घेऊन फिरला. पावरलूमच्या खडखडाटात एकेक जोड सोलायचा, पुन्हा बांधायचा. "कुठंतरी चोर बसेल आहे, भाऊ."

चोर माझ्याच स्वयंपाकघरात होता. गल्लीत सगळ्यांनी केलं तसं मीही गुपचूप तार ओढून पिठाच्या डब्यामागे दुसरा फोन बसवला होता. फोन आणि टीव्हीची वाट वेगळी करणारी डबी त्यानं बैठकीतल्या फोनला लावली होती. या चोरट्याला कुठून असणार? तो उचलला की चित्र गेलं. एवढं मला कळायला साहेब यावे लागले.

त्या दुपारी साहेबांसमोर चित्र चांगलं अर्धा तास टिकलं. लाइनमन पहिल्यांदाच खुर्चीच्या कडेला टेकला. मला काही राहवेना. आत जाऊन मेहुण्याला म्हटलं, "अरे, एकदम क्लियर!"

बाहेरून साहेबांचा आवाज आला, "गेलं."

मी धावत आलो. पडद्यावर नुसते चौकोन. लाइनमननं माझ्या हाताकडे पाहिलं. बोटांना पीठ लागलं होतं.

"जोड कच्चा राहिला, साहेब," तो म्हणाला. "चूक माझी."

मी बोटं मागच्या मागे पायजम्याला पुसली.

महिन्याभरात तो धूलकोटला गेला. आता गल्लीतले खांबही गेले, फायबरची काचेची तार आली. तरी पडद्यावर जरा चौकोन दिसले की मी उठून येरझाऱ्या घालतो. परवा शेवटी बायकोला सगळं सांगून टाकलं.

तिचं भाकरी थापणं थांबलं नाही. "मला काय सांगता? जायच्या आदल्या दिवशी येऊन त्यानं त्या फोनलाही डबी लावून दिली. म्हणे, 'आता खुशाल बोला, वहिनी. पण भाऊले सांगू नका, लाजतीन.'"