मेलेला तारा अन् सरांचा आवाज

मी लोणारचा, अन् आभाळाबद्दल लिहून राह्यलो म्हटल्यावर तुम्ही खुशीत सरसावून बसले असाल, की आता वरून दगड पडन, मोठ्ठा खड्डा होईन, त्यात पाणी साचन. नाई पडत. आमच्या गावात एकदा पडला तेवढा बस झाला. ह्याच्यात तारे आहेत, कृष्णविवरही आहे, पण सगळं आमच्या ओसरीवर, मोठेबाबाच्या फोनात.

मोठेबाबा म्हणजे माह्या बापाचे मोठे भाऊ. घर एक, चूल एक, वांग्याचं वावर एक. त्यांची पोरगी, माही ताई, पुण्याले ताऱ्यांवर पीएचडी करून राह्यली. जित्या नाई, मेलेल्या ताऱ्यांवर. मोठा तारा जळून संपला की आतल्या आत दबते, अन् सूर्यापेक्षा जास्त माल लोणार ते मेहकर एवढ्या जागेत कोंबल्या जाते. त्याले न्यूट्रॉन तारा म्हणतात. त्याच्या आत नेमकं काय असते, हे जगात अजून कोणालेच पक्कं माहीत नाई. हे ऐकून मले लय बरं वाटलं. म्हटलं, चला, माहीत नसणारे आपण एकटेच नाई.

मागच्या सुट्टीत ताईनं हे तिच्या मायले, म्हणजे माह्या मोठ्याआईले, कणकेच्या गोळ्यांवर समजावलं. असे दोन तारे एकमेकाभोवती फिरत फिरत जवळ येतात, अन् ओढाताणीत लांबट होतात. सैल मळलेला जास्त लांबते, घट्ट मळलेला कमी. टकरले की अवकाशच हलते, अन् ती थरथर इथं यंत्रात पकडतात. थरथरीवरून कणीक कशी मळली होती ते ओळखाचं, हे ताईचं काम. मोठीआई म्हणे, मंग एवढ्यासाठी पुण्याले काऊन गेली, माह्याजवळ चुलीपाशी बसली असती.

इथवर ठीक होतं. मोठेबाबानं विचारलं, दोघं एक झाल्यावर काय होते. ताईले खोटं बोलता येत नाई, तिथंच घोटाळा झाला. ती म्हणे, वजन फार झालं तर कृष्णविवर होते, अन् त्याच्या आत जे गेलं ते परत येत नाई, उजेडसुद्धा नाई. अन् त्याच दमात सांगून बसली की ह्याच कामासाठी तिले जर्मनीत दोन वर्षांसाठी बोलावलं, अन् लवकर हो-नाई कळवाचं आहे.

मोठेबाबा ताटावरून उठले. जिथून काही परत येत नाई तिथं पोरगी पाठवाची नाई, म्हणे. मोठीआई समजावून थकली, ताई रडून थकली. शेवटी ठरलं, पुण्याचे सर, म्हणजे ताईचे गाईड, रविवारी सकाळी स्वतः मोठेबाबाले फोन करतीन. ताईची जर्मनी आता त्या एका फोनवर होती.

आता माहं ऐका. मी नकला करतो. कंडक्टर, हेडमास्तर, वरातीतला माइकवाला, सगळे माह्या गळ्यात राहातात. ताईच्या फोनवर सरांना ऐकलं अन् तेही येऊन बसले. बारीक आवाज, दर वाक्याआधी "अं, म्हणजे असं बघा", अन् हसले की खोकल्यासारखं. शनिवारी जेवताना मी सरांच्या आवाजात मोठ्याआईले भाजीत मीठ कमी असल्याचं कळवलं. घर हसलं. मोठेबाबाही हसले, मंग माह्याकडं डोळे बारीक करून पाहात राह्यले. कारण त्याच्याआधी मी व्यापारी बनून फोनवर त्यांची सगळी वांगी मागतली होती, अन् ते टोपल्या भरून दुपारभर फाट्यावर बसले होते.

रविवारी मले चौकात कचोऱ्या आणाले पाठवलं, अन् सरांनी ठरल्याच्या आधीच फोन केला. पुढचं मोठ्याआईनं सांगतलं. मोठेबाबाचा फोन कायम स्पीकरवर असते, अन् ती ताईचा हात धरून दाराआड उभी होती.

"नमस्कार. अं, म्हणजे असं बघा, मी आपल्या कन्येचा मार्गदर्शक बोलतोय."

"बोल बे," मोठेबाबा म्हणे. "आज किती टोपल्या पाहिजेन तुले?"

सर गोंधळून खोकल्यासारखं हसले. मोठेबाबा म्हणे, खोकला मातर बरोबर जमवला. ताई धावणार होती, मोठ्याआईनं हात सोडला नाई. मंग मोठेबाबानं आवाज बारीक केला.

"ऐक. तू घरचा हायस म्हनून सांगतो, ताईले सांगजो नको. मले जर्मनीचं भेव नाई. पुण्याले गेली तवा दर सनाले येत होती. आता दिवाळीलेही येत नाई. तिकडं गेल्यावर तिले तेच घर वाटाले लागलं तं? म्या कोनाले विचारू, तुह्या त्या सराले?"



"विचारा ना," सर म्हणे. "असं बघा, कृष्णविवरालाही एक कड असते. कडेच्या आत गेलेलं परत येत नाही. पण बाहेरून, अगदी जवळून फिरून आलेलं परत येऊ शकतं. तिचं सगळं काम कडेच्या बाहेरचं आहे. आणि दिवाळीला ती येत नाही, कारण काम संपवूनच जा असं मी म्हणतो. ते चुकलं माझं."

नेमका तेव्हा मी कचोऱ्यांची पिशवी घेऊन दारात. मोठेबाबानं माह्याकडं पाह्यलं, मंग फोनकडं, मंग परत माह्याकडं. फोन खोकल्यासारखा हसला. मोठेबाबा उभे राह्यले, टोपी सरळ केली अन् दोन्ही हातांनी फोन धरला.

"साहेब, दोन्ही दिवाळ्यांले ती घरी पाहिजेन. शब्द द्या."

सरांनी दिला. दाराआडून ताई बाहेर आली अन् बापाच्या खांद्यावर डोकं ठेवून उभी राह्यली. मी म्हटलं, चला, कचोऱ्या गरम आहेत. ते म्हणाले मी जरा घाईच केली.

मोठेबाबा माह्याकडं वळले. म्हणे, घरात असला तं ताप, नसला तरी ताप. चौकात हुबा राहून तू इथं माह्या तोंडातून सगळं काढून घेतलं. तुह्यापायी म्या परक्या मानसाले बे म्हनलं, पोरीच्या गुरूले वांगी इकली. कचोऱ्या ठेव तिथं, तुले एकही नाई.

"अन् आता सराले फोन लाव, माफी माग. तुह्या सोताच्या आवाजात मागजो."