पालखीपुढचं गाऱ्हाणं

लेकीचं कॉलेज सुटावं म्हणून मी देवाला गाऱ्हाणं घातलं. मनातल्या मनात नव्हे, तर शिमग्यात पालखी घरी आलेली असताना, सगळ्या वाडीसमोर, खणखणीत आवाजात. तिच्या फीला पैसे दिले नाहीत हीसुद्धा माझी चूकच. पण त्या चुकीला मी मनाशी काहीबाही कारणं देऊ शकतो. गाऱ्हाण्याला एकही देता येत नाही.

मी एसटीत वाहतूक नियंत्रक आहे. रत्नागिरीच्या स्टँडवर गाड्या सोडायच्या आणि माईकवरून पुकारायच्या, हे माझं काम. राहतो इथे भाड्याच्या खोल्यांत. गावचं घर देवरूखच्या पुढे, डोंगरातल्या वाडीत. एकच मुलगी. बारावीला तिला चांगले मार्क पडले आणि ती फार्मसीला जाणार हे मी डेपोत आणि गावात सांगून मोकळा झालो. तिला न विचारता. तिने मात्र मत्स्यशास्त्राला अर्ज केला.

"म्हणजे मासे विकणार?" मी विचारलं.

"वाढवणार, बाबा. कोलंबीची शेती, तळ्यातले मासे, त्यांचे रोग. सगळं शिकवतात."

"आपण भातशेतीवाले. आपल्यात कोण गेलंय मासळीत? ते बंदरावरच्या लोकांचं काम."

"बांगडा ताटात आला की नाही आठवत तुम्हाला हे."

बायको हसली, आणि तिच्या हसण्यानेच मी जास्त पेटलो. म्हणालो, फार्मसीला जात असशील तर पीएफमधून काढून सगळी फी भरतो, या शिक्षणाला एक रुपया देणार नाही. आतासारखी मुलींची फी तेव्हा माफ नव्हती. आठ दिवसांत वळणावर येईल, अशी माझी समजूत होती.

तिला मामाने हात दिला. माझ्या मेव्हण्याचं हातखंब्याला गाड्या दुरुस्तीचं छोटं गॅरेज आहे. पहिल्या वर्षाची फी त्याने भरली आणि बहिणीला सांगितलं, "पुढचंही बघू. तोवर भावोजी निवळतील." मी निवळलो नाही. ती रोज माझ्यासमोरून कॉलेजला जायची आणि मला वाटायचं, आपला शब्द या घरात पायपुसण्यासारखा झाला.

मग शिमगा आला. आमच्याकडे पालखी घरी आली की ओटी भरायची, नारळ ठेवायचा आणि जाणत्याने सगळ्यांच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालायचं, म्हणजे घरादाराचं मागणं बोलून दाखवायचं. दर वाक्याला जमलेल्यांनी होकार द्यायचा. हे काम माझ्या थोरल्या चुलतभावाचं. त्या वर्षी पालखी नाचवताना ओरडून ओरडून त्याचा घसा बसला होता. तो मला म्हणाला, "तुजा गळा तयार हाय. आज तूच घाल."

मी सुरुवात नेहमीसारखी केली. म्हाराजा, आज तू घरी आलास, लेकरांनी केलेली वेडीवाकडी सेवा गोड मानून घे. व्हय म्हाराजा. जे पोटासाठी मुंबईला आहेत त्यांना सांभाळ. व्हय म्हाराजा. गुराढोरांना, भाताला राखण दे. व्हय म्हाराजा. तिथे थांबायला हवं होतं. समोर माझी मुलगी ओटीचं ताट धरून उभी होती. मी म्हणालो, "आणि म्हाराजा, ही लेक बापाच्या शब्दाबाहेर गेली आहे. तिला सुबुद्धी दे. तिचं हे कॉलेज सुटू दे."

"व्हय म्हाराजा," वाडी म्हणाली.

देवापुढे होकार टाळायचा नसतो. सगळ्यांचे आवाज थांबल्यावर तिचा एकटीचा आला, उशिरा आणि अगदी हळू. "व्हय म्हाराजा." मग तिने ताट खाली ठेवलं आणि ती मागच्या दाराने पडवीत गेली. मुंबईहून आलेल्या कुणीतरी मला टाळी दिली. "काय आवाज लावलास! गाडी लागली फलाटावर." मीही हसलो.

दुसऱ्या वर्षाची फी भरायची वेळ आली तेव्हा मेव्हणा स्टँडवर मला भेटायला आला. चहा घेईना.

"भावोजी, मी देणार होतो. पण तुम्ही देवापुढे बोललात, वाडीने होकार दिला. आता मी पैसे दिले तर देवाच्या आड आल्यासारखं होईल. माझीही पोरंबाळं आहेत."

खरं सांगतो, त्या क्षणी मला आनंद झाला. देवाने ऐकलं, असं वाटलं. ती कॉलेज सोडेल म्हणून मी वाट बघत बसलो.

ती सोडेना. बंदराजवळच्या शेडमध्ये कोलंबी सोलायचं काम तिने धरलं. पहाटे जायची, तिथूनच कॉलेजला. त्या पैशांतून निम्मी फी गेली. उरलेली परीक्षेच्या आधी भरायची होती, नाहीतर वर्ष वाया. बायको मला एका शब्दाने बोलली नाही. तिने फक्त घरात मासे शिजवणं बंद केलं. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "तुम्हाला मासळीचा संबंध नको ना? मग नको." महिनोन् महिने मी भोपळा आणि वाल खाल्ले.

एकदा जेवताना पाहिलं, मुलगी आमटीभात चमच्याने खात होती. कोलंबीच्या काट्यांनी बोटं टोचून फुटली होती. आमटीतलं मीठ झोंबायचं. मला बघताना बघून तिने डावा हात मांडीखाली घेतला.

त्यानंतर मला केबिनमध्ये बसवेना. उगाच या फलाटावरून त्या फलाटावर फिरायचो, चहा सांगायचो आणि प्यायला विसरायचो. माईक हातात घेतला की तो उशिरा आलेला होकार कानात यायचा. एकदा देवरूखची गाडी गणपतीपुळ्याची म्हणून पुकारली. कंडक्टर म्हणाला, "साहेब, देवरूखला समुद्र आला काय?" सगळे हसले. मी टेबलावरचे कागद सारखे करत बसलो.

पुढच्या शिमग्याला ती गावी आली नाही. ओटी भरायला जमलेल्या बायका माझ्या बायकोला विचारत होत्या, "सुटलं का गो तिचं कॉलेज?" भावाने पुन्हा मलाच पुढे केलं. मला तोंड उघडवेना. त्याला बाजूला घेऊन विचारलं, घातलेलं गाऱ्हाणं मागे घेता येतं का?

तो म्हणाला, "येतंय की. पालखीपुढं मी मोकळं करीन, तुज्या मेवन्यालाबी सांगीन. पन देवाला काय झालेलं नाय. जिला बोललास तिला आदी सांग."

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने मी रत्नागिरीला आलो आणि घरी न जाता रिक्षाने बंदरावर गेलो. शेडमध्ये बर्फाचं पाणी पायाखाली वाहत होतं. बायका ओळीने बसून सोलत होत्या, त्यांच्यात माझी मुलगी, डोक्याला फडकं बांधून. मी तिला हाक मारली तशी शेजारची म्हातारी म्हणाली, "अगो, हा तर स्टँडवर ओरडतो तो. हा तुझा बापूस?"

मुलगी उठली नाही. "बाबा, टोपली भरायची आहे. घरी बोलू."

"फी मी भरतो," मी म्हणालो.

तिने वर पाहिलं. "फीसाठी आलात?"

"नाही. ते नंतर. आधी दुसरं बोलायचंय."

"मग हळू बोला. सगळ्या ऐकतायत."

"त्या दिवशीही सगळे ऐकत होते." मी तिच्यासमोर ओल्या लादीवर बसलो. म्हातारीने हातातलं काम थांबवलं. मी म्हणालो, "माझा हट्ट चालेना म्हणून मी देवाला मध्ये घातलं. तुझा मामा माझ्यामुळे मागे सरला. आणि तुझं कॉलेज सुटू दे, याला मी तुझ्याच तोंडून होकार घेतला. माझं चुकलं, बाळा. मला माफ कर."