आधी उजवा हात

काहीही सांगण्याआधी सर उजवा हात वर करायचे, त्याच्याकडे एकदा नीट पाहायचे, तो आपलाच आहे अशी खात्री पटली की मग बोलायचे. नव्या माणसाला वाटायचं, शपथ घेत आहेत. मारेगावच्या आमच्या कॉलेजवरून तुम्ही कधी गेला असाल, तर मैदानात टोपी घालून, हात वर करून उभा असलेला एक उंच, किडकिडीत माणूस तुम्हीही पाहिला असेल आणि ट्रॅफिक पोलीस समजून पुढे गेला असाल. ते आमचे बेसबॉलचे मुख्य प्रशिक्षक. मुख्य असं कागदावर लिहिलेलं होतं. त्यांच्या हाताखाली कोणीच नव्हतं, तेव्हा ते नेमके कोणाचे मुख्य, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

मी त्याच कॉलेजात ग्रंथपाल. ग्रंथालयाची खिडकी मैदानाकडे उघडते आणि वाचायला कोणी येत नाही. त्यामुळे सरांची अख्खी कारकीर्द मी बसल्या जागेवरून पाहिली आहे.

मारेगावात बेसबॉल कशाला, असं तुम्ही विचाराल. आमचे प्राचार्य धोरणी माणूस. कबड्डीत सर्टिफिकेट मिळवायचं तर गावोगावच्या दांडग्या पोट्ट्यांशी झोंबावं लागतं. बेसबॉलला विद्यापीठात टीमच मोजक्या. त्यातल्या एकदोन आल्या नाहीत, की नुसतं हजर राहून दुसरा नंबर. आणि सर्टिफिकेट असलं की सरकारी भरतीत खेळाडूची राखीव जागा. तर असा हा खेळ आमच्याकडे निखळ क्रीडाप्रेमापोटी सुरू झाला. सगळ्यांना हे ठाऊक होतं, फक्त सरांना कोणी सांगितलं नव्हतं. ते खरंच खेळ शिकवायला लागले.

त्यासाठी ते आधी चार दिवस अमरावतीच्या शिबिराला गेले. तिथं त्यांना चेंडू फेकणाऱ्याच्या जागेवर उभं केलं होतं. तिथून पाहून त्यांनी वहीत लिहून घेतलं, 'पहिला बेस डाव्या हाताला.' त्या जागेवरून तो डावीकडेच दिसतो, यात खोटं काही नाही. परत आल्यावर मात्र ते आमच्या मैदानावर बॅटवाल्याच्या जागेवर उभे राहिले, वही उघडली आणि चुन्यानं पहिला बेस आखला, डाव्या हाताला. बॅटवाल्यानं धावायचं असतं उजवीकडे. आमची टीम वर्षभर रोज सकाळी साडेपाचला येऊन, घाम गाळून, अतिशय शिस्तीत उलटी धावली.

पहिली मॅच यवतमाळला होती. टीमचा व्यवस्थापक म्हणून, म्हणजे केळी वाटायला, मीही गेलो होतो. आमचा पहिला खेळाडू पांढरकवड्याकडच्या कोलाम आदिवासींच्या वस्तीवरचा. त्यानं असा फटका मारला की चेंडू पार कुंपणापर्यंत गेला. आणि पठ्ठ्या सुटला तो थेट तिसऱ्या बेसकडे. पंच तोंड उघडं टाकून पाहत राहिले, मग भानावर येऊन त्यांनी त्याला बाद दिलं. दुसराही तिकडेच गेला. तिसरा समोरच्या टीमचा पहिल्या बेसवर उभा असलेला खेळाडू पाहून उजवीकडे निघाला होता, तर आमच्याच टीमनं ओरडून ओरडून त्याला परत वळवलं.

परतीच्या गाडीत सर सगळ्यात मागे बसले. करंजीला चहासाठी गाडी थांबली तेव्हा ते पुढे उभे राहिले.

"पोट्टेहो, चूक माही हाय. तुमी बरोबर धावले. म्याच तुमाले उलटं शिकवलं."

विद्यार्थ्यांसमोर आपली चूक कबूल करणारा मास्तर मी पहिल्यांदाच पाहत होतो. कॉलेजात आल्यावर हा किस्सा तिखटमीठ लावून सांगणारा पहिला माणूसही मीच होतो.

दुसऱ्या दिवसापासून तो हात सुरू झाला. सरावाआधी सगळ्या टीमनं उजवा हात वर करायचा, पाहायचा, मग खाली घ्यायचा. "आधी हात पाहा, मंग धावा," एवढाच मंत्र. हळूहळू सरांना ती सवयच जडली. ते प्राचार्यांसमोर रजेचा अर्ज ठेवतानाही हात पाहून घ्यायचे. स्टाफरूममध्ये हात वर करून चहा मागायची पद्धत पडली. ती पाडणारा कोण, हे तुम्ही ओळखलंच असेल.

आता आमच्या चिरंजीवांकडे येतो. ते तेव्हा बीएच्या पहिल्या वर्षाला होते. व्हायचं होतं वनरक्षक, पण सकाळी पलंगावरून उठणंसुद्धा जिवावर यायचं. राखीव जागा मिळाली तरच काही आशा होती. संस्थाध्यक्षांच्या पुतण्याला सरांनी सर्टिफिकेट नाकारल्याचं कानावर आलं होतं. पण मी पडलो त्यांचा रोजचा चहाचा सोबती. गेलो.

"सर, एक सही पायजे होती. पोराचं नाव टीममध्ये टाका फक्त."

सरांनी उजवा हात वर केला, पाहिला.

"बॅट धरली का त्यानं कधी?"

"धरंल ना बाप्पा. आधी कागद तं होऊ द्या."

"जे पोट्टे उलटे धावले, त्याईले म्या सर्टिफिकेट देल्लं. काहून का ते धावले. तुमचा कुठी धावला?"

"म्हणजे नाही म्हणता तुम्ही."

"नाही कायले म्हनू? उद्या साडेपाचले पाठवा त्याले."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्या दिवसापासून त्यांच्यासोबतचा चहा बंद केला, आणि तो पुन्हा कधी सुरू झाला नाही. घरी येऊन पोराला म्हणालो, "जा, तुझ्या मुख्य प्रशिक्षकांचं बोलावणं आलं आहे." तो गेला खरा, पण त्याचं श्रेय त्याच्या आईनं तोंडावर ओतलेल्या तांब्याभर पाण्याला आहे.

पहिलं वर्षभर तो टीमबाहेर बसून होता. दुसऱ्या वर्षी, जिथं चेंडू सहसा येतच नाही, अशा कोपऱ्यात त्याला उभं केलं. सगळी टीम घरी गेली की सर एकटे त्याच्याकडे चेंडू मारायचे, तो सोडायचा, पळत जाऊन आणायचा, की सर पुन्हा मारायचे. हे सगळं मी खिडकीतून पाहत होतो आणि पुस्तकांवरची धूळ झटकतो आहे असं दाखवत होतो. तिसऱ्या वर्षी विद्यापीठाच्या संघासाठी सोळा खेळाडू निवडले, त्यात आमचे चिरंजीव सोळावे. मी बायकोला म्हणालो, "कोणीतरी आजारी पडलं असेल."

सर्टिफिकेट द्यायला सर स्वतः ग्रंथालयात आले. "घ्या सर, तुमची सही," म्हणाले. मी रजिस्टरातून मान वर केली नाही. "ठेवा तिथं," म्हणालो. ते ठेवून गेले.

त्याच उन्हाळ्यात ते निवृत्त झाले. निरोपाला शाल, श्रीफळ आणि वक्ता म्हणून मी. मी माइकसमोर उजवा हात वर केला, त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि तुरुतुरु डावीकडे धावत स्टेजवरून उतरलो. सभागृह पोट धरून हसलं. सर पहिल्या रांगेत होते, तेही हसले. मग ते महागावकडे आपल्या गावी निघून गेले. थंडीत एके दिवशी ते हृदयविकारानं गेल्याचं स्टाफच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आलं. सगळ्यांनी जोडलेले हात टाकले होते, मीही टाकले.

पुढच्या वर्षी वनरक्षकाची भरती निघाली. चिरंजीव बाकी सगळ्यातून पार झाले, राहिली होती सर्टिफिकेटची पडताळणी. खोट्या कागदांचा सुळसुळाट झालेला, म्हणून अमरावतीला अधिकारी प्रत्येकाला खेळाबद्दल तोंडी विचारत होते. आमच्या आधी एक धट्टाकट्टा तरुण होता.

"बेसबॉलमध्ये विकेट किती असतात?"

"सहा, सर. दोन्हीकडच्या मिळून."

"बाहेर बसा."

मग आमचा नंबर लागला. मी दाराशी बाकावर बसलो होतो, तिथून सगळं दिसत होतं.

"समजा, चेंडू मारला. आता कुठं धावशील?"

पोरगा गप्प. घाबरलं की त्याला काही सुचत नाही, लहानपणापासून तसंच आहे. अधिकाऱ्यांनी पेन खाली ठेवलं. नोकरी गेली, असं मी मनात म्हणालोसुद्धा. तेवढ्यात त्यानं सावकाश उजवा हात वर केला, त्याच्याकडे नीट पाहिलं आणि त्या बाजूला बोट दाखवलं.

"इकडे, सर."

"हात कशाला वर केला?"

"आमचे सर एकदा चुकले होते, सर. तेव्हापासून आम्ही आधी हात पाहतो."

अधिकारी हसले नाहीत. त्यांनी शिक्का मारला आणि कागद त्याच्या हातात दिला.

परतीच्या बसमध्ये पोरगा म्हणाला, "सर असते तं आज पहिला फोन त्याईले लावला असता." मला फार लाज वाटत होती. ती लपवायला काहीतरी बोलावं म्हणून मी म्हणालो, "निरोपाच्या दिवशी मी सरांची नक्कल केली, तेव्हा तूही हसला असशील ना?"

तो खिडकीबाहेर पाहत होता.

"नाही बाबा," तो म्हणाला. "म्या तं उठून बाहेर गेलतो."