तळहाताखालचा डाग

शेगडीवरची इस्त्री किती तापली, हे पॅरिसभरच्या आम्ही इस्त्रीवाल्या ती गालाजवळ नेऊन ओळखतो. एका शनिवारी, चौदा तास उभं राहिल्यावर, माझ्या शेजारच्या झेलीला तशातच डुलकी लागली आणि इस्त्री गालाला चिकटली.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, तिला चार पैशांसाठी एका चित्रकारापुढे चित्राला बसायचं होतं. डाग दिसू नये म्हणून तिने गालावर तळहात ठेवला. "वा! हलू नकोस, अशीच बस," तो म्हणाला. पुढचे चार रविवार ती तशीच बसून पेंगली.

वसंतात चित्र मोठ्या प्रदर्शनात लागलं. फुकट प्रवेशाच्या दिवशी आम्ही दोघी गेलो. चित्रापुढे एक बाई नवऱ्याला सांगत होती, "बघा हो, केवढ्या खोल विचारात आहे पोर!"

डोंबलाचा विचार! मी झेलीला कोपराने ढोसलं. "काय गं, कसला विचार करत होतीस एवढा?"

झेली हसली नाही. दुखऱ्या पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेऊन ती चित्राकडे बघत राहिली.

"नशीबवान आहे मेली," ती म्हणाली. "कायमची बसलीय."