स्प्रिंग जरा जास्तच हलकी झाली

नेपरव्हिलला घर घेऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती, तेवढ्यात माझ्या कारखान्यानं टूलरूम, म्हणजे मी काम करायचो तो साचे-हत्यारं बनवायचा विभाग, बंद केली. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती आणि शिकागोच्या आसपास तेव्हा बरेच कारखाने माणसं कमी करत होते. बायको हॉस्पिटलात पॅथॉलॉजिस्ट, त्यामुळे घर चालू होतं. चालत नव्हते ते माझे हात. पहिल्या आठवड्यात मी घरातल्या सगळ्या बिजागऱ्यांना तेल घातलं, दुसऱ्या आठवड्यात शिलाई मशीन खोलून परत जोडलं. तिसऱ्या आठवड्यात मी मिक्सरकडे नुसतं बघितलं, तर बायको म्हणाली, "त्याला हात लावलास ना, तर वर्षभर चटणी मिळायची नाही. बाहेर जा जरा."

मी बाहेर पडलो. हार्डवेअरच्या दुकानातल्या फळ्यावर एक चिठ्ठी टोचलेली होती: "कानस नीट चालवता येणारा माणूस हवा." खाली पत्ता. बाकी काही नाही.

पत्त्यावर गेलो तर ते बंदुका दुरुस्त करायचं दुकान निघालं. मालक सत्तरीचा, जाड भिंगांचा चष्मा, कातडी एप्रन. तो स्वतःही जुना टूलमेकर होता. त्यानं काही न विचारता लोखंडाचा एक ठोकळा आणि कानस पुढे केली. "ही बाजू सपाट कर." मी अर्धा तास घासलं. त्यानं ठोकळ्यावर पोलादी पट्टी ठेवली आणि खिडकीकडे धरून बघितलं. फटीतून उजेड येत नव्हता.

"कुठे शिकलास?"

"पुण्याला."

"तिथे बंदुका असतात?"

"मी फक्त दिवाळीतली टिकल्यांची बंदूक उडवलीय," मी खरं ते सांगून टाकलं.

"छान. म्हणजे वाईट सवयी नसतील," म्हातारा म्हणाला. "सोमवारी ये."

दुकानाची गिऱ्हाइकं म्हणजे मुख्यतः पोलीस. तेव्हा आसपासच्या लहान गावांतले पोलीस स्वतःचं रिव्हॉल्व्हर स्वतःच विकत घेत आणि पटलं नाही तर आमच्याकडे घेऊन येत. डबल-अ‍ॅक्शन रिव्हॉल्व्हरमध्ये सगळी कामं एक बोट करतं. चाप ओढला की सहा गोळ्यांचं चक्र एक घर पुढे सरकतं, मागचा घोडा उचलला जातो आणि शेवटी सुटून गोळीच्या बुडावरच्या टिकलीवर आपटतो. ही टिकली म्हणजे प्रायमर. दिवाळीतल्या टिकलीचीच थोरली बहीण. ती फुटली तर गोळी सुटणार, नाहीतर नुसतं 'टक्'. कारखान्यातून आलेल्या रिव्हॉल्व्हरचा चाप ओढताना आत वाळू घातल्यासारखं खरखरे. आम्ही ते खोलायचो, एकमेकांवर घासणाऱ्या जागा तेलाच्या दगडावर गुळगुळीत करायचो, कोटाच्या अस्तरात अडकणारं घोड्याचं शेपूट कापायचो, धारदार कडा मोडायचो. घड्याळजीचं काम म्हणा, फक्त घड्याळ मागे पडलं तर जास्तीत जास्त बस चुकते.

म्हाताऱ्याचा एकच हट्ट होता. दुरुस्त केलेलं रिव्हॉल्व्हर गिऱ्हाईक ज्या गोळ्या घालून फिरतं त्याच गोळ्यांनी झाडून बघायचं. आणि हिवाळ्यात तर एक दिवस फ्रीझरमध्ये ठेवून मग. त्यामुळे दुकानातल्या फ्रीझरमध्ये त्याच्या आइस्क्रीमच्या डब्याशेजारी नेहमी दोन-तीन पिस्तुलं पिशवीत गुंडाळून पडलेली असत. "मऊ चाप सगळ्यांनाच आवडतो," तो म्हणायचा, "पण आपण विकतो तो धडाका."

मराठी मंडळींत मात्र माझी पंचाईत झाली. बायको सगळ्यांना सांगायची, "ते प्रिसिजन मशीनिंगमध्ये आहेत." ते खोटंही नव्हतं. पण एका पॉटलकला, घरटी एकेक पदार्थ आणून केलेल्या जेवणाला, आमच्या आठ वर्षांच्या मुलीनं भर पंगतीत जाहीर केलं, "माय डॅड फिक्सेस गन्स फॉर कॉप्स!" शेजारच्या काकूंच्या हातातला मसालेभाताचा चमचा तसाच थांबला. त्यानंतर एक डॉक्टर काका मला दर वेळी कोपऱ्यात घेऊन हळूच विचारायचे, "काय रे, बरं चाललंय ना सगळं?"

पहिल्याच हिवाळ्यात, जानेवारीच्या सुरुवातीला म्हाताऱ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. दोन आठवडे दुकान माझ्यावर. पहिल्याच आठवड्यात ती आली. पोलीस खात्यात नवीन लागलेली, जेमतेम पाच फूट उंचीची. त्यांच्या गावच्या पोलिसांत ती पहिलीच बाई होती. तिनं रिव्हॉल्व्हर रिकामं करून काउंटरवर ठेवलं.

"नेमबाजीच्या परीक्षेत दोनदा नापास झालेय," ती म्हणाली. "चाप ओढताना सगळा हातच हलतो. तिसऱ्यांदा नापास झाले तर मला कायमचं टायपिंगला बसवतील. तुम्हाला जमेल तेवढा हलका करून द्या."

मला तिची दयाही आली आणि, खोटं कशाला बोलू, हुरूपही चढला. माझं एकट्याचं पहिलं काम. तीन दिवस दगड चालवला. मग घोड्याला जोर देणारी आतली मुख्य स्प्रिंग घेऊन ती थोडी बारीक केली. अजून थोडी. चाप असा झाला की लोण्यातून सुरी फिरावी. तळघरात वाळूनं भरलेला एक मोठा लोखंडी पाइप होता, त्यात म्हाताऱ्यानं सरावासाठी स्वतः भरून ठेवलेल्या पन्नास गोळ्या झाडल्या. पन्नासच्या पन्नास उडाल्या. तिनं चाप ओढून बघितला, तिचा चेहरा फुलला. "तुम्ही जादूगार आहात!" म्हणाली. मी शिट्टी वाजवत घरी गेलो.

पुढच्या शनिवारी एका शाळेच्या हॉलमध्ये संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. बाहेर मोटारीची दारं गोठून बसतील अशी थंडी, आत बायका काळ्या साड्यांत आणि पायांत बर्फात घालायचे बूट. मी तिळगूळ खात होतो. डॉक्टर काकांनी नेहमीप्रमाणे कोपऱ्यात घेतलं. या वेळी मात्र मीच फुशारकीनं त्या चापाची सगळी हकीकत सांगितली.

काकांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग डॉक्टरच ते, विचारलं, "म्हणजे घोडा आता हळू आपटतो. टिकली फुटायला पुरतं ना तेवढं? अशा थंडीत?"

"पन्नास गोळ्या झाडल्या, काका."

"तिच्याच?"

तिळगूळ माझ्या तोंडातच राहिला. तिच्या नव्हत्या. म्हाताऱ्याच्या होत्या, आणि सरावासाठी तो नेहमी हलक्या ठोक्यानंही फुटणारे मऊ प्रायमर वापरायचा, हे मला चांगलं माहीत होतं. फ्रीझरमध्ये तर मी ते ठेवलंच नव्हतं. आणि ती बाई त्या क्षणी उणे वीसच्या थंडीत कुठेतरी माझं रिव्हॉल्व्हर कमरेला लावून गस्त घालत होती.

हॉलच्या दाराशी पे-फोन होता. मी पोलीस ठाण्याला फोन लावला आणि घाईघाईत जे बोललो ते आजही आठवलं की कान तापतात. "तुमच्याकडची ती नवी बाई आहे ना," मी म्हणालो, "तिची गन उडणार नाही! तिला लगेच सांगा!"

पलीकडून एक फार सावध आवाज, "सर, तुम्ही कुठून बोलताय?"

मी शाळेचं नाव सांगितलं. दुकानाचं सांगायचं राहिलंच.

सात मिनिटांत दोन पोलीसगाड्या लागल्या. दिवे फिरतायत, दारात चार पोलीस आणि आत साठ मराठी माणसं वाण लुटतायत. मी बंडी घालून, वाटी हातात घेऊन पुढे झालो. बायको माझ्याकडे ज्या नजरेनं बघत होती, त्यापेक्षा पोलीस बरे वाटले. नशिबानं चौघांत ती स्वतः होती. "अरे, हे माझे गनस्मिथ!" ती ओरडली आणि बाकीच्या तिघांचे हात कमरेवरून खाली आले. मी सगळं सांगितलं. माझी चूक झाली, टेस्ट पूर्ण केली नाही, वेळ आलीच तर गोळी उडेल याचा भरवसा नाही. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं, पण पोलिसांतला एक जण हसलाच. तोपर्यंत काकूंनी चौघांच्याही हातात तिळगूळ ठेवला होता.

तसेच आम्ही दुकानात गेलो. गस्तीवर दोन तास बाहेर फिरून रिव्हॉल्व्हर बर्फासारखं गार पडलं होतं. तळघरात तिनंच पाइपवर रोखून तिच्या कामाच्या सहा गोळ्यांवर चाप ओढला. चार उडाल्या. दोन वेळा नुसतं 'टक्'. न उडालेल्या गोळ्या मी दिव्याखाली धरल्या. टिकलीवर घोड्याचा ठसा होता, पण नखानं दाबल्यासारखा उथळ. तिनं दोन्ही गोळ्या हातात घेऊन ते ठसे तपासले. ओरडली असती तर बरं झालं असतं. "फोन केलात हे चांगलं केलंत," एवढंच म्हणाली आणि रिव्हॉल्व्हर माझ्याकडे ठेवून गेली.

रविवारी मी म्हाताऱ्याच्या घरी गेलो. एका डोळ्यावर पट्टी बांधून तो खुर्चीत बसला होता. मी सगळं कबूल केलं आणि म्हणालो, उद्यापासून येत नाही.

"असा कसा येत नाहीस?" तो म्हणाला. "अर्धवट काम ठेवून कुठे चाललास? मला सांग, तिचं बोट चापापर्यंत पुरतं?"

मी हे बघितलंच नव्हतं. सोमवारी तिला बोलावलं आणि बघितलं. बोटाचं नुसतं टोक चापावर टेकत होतं. त्यामुळे ओढताना नळी वळायची. चाप जड असणं ही अर्धीच अडचण होती, जाड लाकडी मूठ ही उरलेली. मी कारखान्याची नवी, पूर्ण ताकदीची स्प्रिंग बसवली. घासकाम राहू दिलं, ते चांगलं झालं होतं. मग अक्रोडाच्या लाकडाची मूठ तिच्या तळव्याच्या मापानं पुन्हा पुन्हा घासून बारीक केली. ती तीन वेळा येऊन हातात धरून गेली. शेवटच्या खेपेला बोटाचं पहिलं पेर चापावर नीट बसलं. रिव्हॉल्व्हर एक दिवस फ्रीझरमध्ये राहिलं. नंतर तिच्याच शंभर गोळ्या झाडल्या, मी मोठ्यानं मोजल्या. शंभर धडाके.

फेब्रुवारीत ती तिसऱ्या परीक्षेला बसली. निकाल सांगायला गणवेशातच दुकानात आली. पास झाली होती, आणि नुसती पास नाही, ज्यानं तिला टायपिंगची भीती घातली होती त्या सार्जंटपेक्षा दोन गुण जास्त. त्या वसंतात तो सार्जंटसुद्धा त्याचं रिव्हॉल्व्हर घेऊन आला. मूठ जरा बारीक होईल का, म्हणून.

पुढे दोन वर्षांनी जवळच्याच शॉमबर्गच्या एका कंपनीत मला टूल डिझाइनचं काम मिळालं. तरी दशक संपेपर्यंत शनिवारी मी दुकानात जात राहिलो. मंडळात बायकोनं प्रिसिजन मशीनिंग म्हणणं सोडून दिलं. एवढ्या लोकांसमोर पोलीस येऊन तिळगूळ खाऊन गेल्यावर ते कोणाला पटणार होतं? नवीन कोणी विचारलं की ती सरळ सांगायची, "शनिवारी ते पोलिसांच्या बंदुका नीट करतात," आणि माझ्याकडे वळून पुढे म्हणायची, "आणि टेस्ट करूनच देतात."