दोनशे चौदा निमंत्रणं

बुरुलच्या खोलीत कुणी सहज म्हणून येत नाही. विद्यापीठाच्या तळघरात, बॉयलरच्या भिंतीला लागून ती खोली. हिवाळ्यात अख्ख्या इमारतीत उबदार तेवढीच, तरीही नाही. येतात ते पासवर्ड विसरलेले, नाहीतर नकाशांचं सॉफ्टवेअर उघडत नाही म्हणून वैतागलेले. ओळखपत्र पुढे करायचं, दोन मिनिटं उभ्याउभ्या भिंतीकडे बघायचं, ‘रहमत, एजे’ म्हणून आभार मानायचे आणि वर निघून जायचं. एकवीस वर्षं हेच चाललंय. सगळ्यांची ती एजे, मोठी बहीण. घरातली मात्र ती कुणाचीच नाही. लग्न केलं नाही. आई होती तोवर चहाला दोन पेले निघायचे.

शिवाय नकार शिकवायचं काम तिच्याकडे. इथे वडीलधाऱ्याने काही मागितलं आणि धाकट्याने दिलं नाही, असं होत नाही. त्यामुळे एकेका विभागात एकच पासवर्ड आठ-आठ जणांत फिरायचा. बुरुलने तो फिरणं बंद केलं. डीनने मागितला तरी द्यायचा नाही, सख्ख्या काकाने मागितला तरी नाही. लोक दुखावले, मग सरावले. आता प्रत्येक जिन्यात तिचा फोटो आहे, बोट वर केलेला, आणि खाली लिहिलंय: ओळखीच्या नावाने आलं तरी लिंक उघडू नका.

येत्या वसंतात तिला अठ्ठावन्न पूर्ण होणार होती, म्हणजे जूनमध्ये निवृत्ती. अशा वेळी लोक तोई देतात, म्हणजे मोठी मेजवानी; मेंढा कापतात, शंभरेक माणसं जेवून जातात. बुरुलने तो विषय मनातही काढला नव्हता. बोलवायचं कुणाला?

मार्चमध्ये तिचा साहेब कुबान खाली आला. वयाने तिच्या निम्मा, पण साहेब. दर वर्षी सगळ्या नोकरवर्गाला एक खोटं ईमेल पाठवून बघायचं, किती जण फसून पासवर्ड देतात, आणि तो आकडा राजधानीला कळवायचा, असा नियम होता. गेल्या वर्षी बँकेच्या बक्षिसाला एकसष्ट जण भुलले होते.

“एजे, या वेळी असं लिहा की डीनसाहेबसुद्धा फसले पाहिजेत.”

“ते दर आठवड्याला आपले आपणच फसतात. त्यांना माझी काय गरज?”

कुबान हसून गेला. बुरुल विचार करत बसली. इथली माणसं कशाला नाही म्हणत नाहीत? तोईच्या निमंत्रणाला. हल्ली निमंत्रणंही फोनवर लिंक होऊनच येतात. पण दुसऱ्या कुणाच्या नावाने खोटी तोई मांडणं तिच्या जिवावर आलं, म्हणून तिने स्वतःचं नाव घातलं. तारीख आपल्या वाढदिवसाची, शनिवार, दुपारी दोन, घरी. येणार की नाही ते लिंकवर कळवा. कुबानने वाचलं आणि विचारलं, तारीख खरी टाकलीत की काय? ती म्हणाली, खोटी टाकून अपशकुन कशाला.

सोमवारी सकाळी नऊला दोनशे चौदा पत्रं गेली. पडद्यावर कोपऱ्यात एक आकडा होता, फसलेल्यांचा. पत्र कितीही कठीण मागितलं, तरी राजधानीला कळवायला कुबानला तो शून्य हवा होता. बुरुललाही शून्यच हवा असायला हवा होता. चहा गार झाला तरी तिची नजर त्या आकड्यावरून हलेना. लोकांनी एकवीस वर्षांचं शिकवणं लक्षात ठेवलं की नाही ते आज कळणार होतं, आणि शंभर जण तिच्या दारी आले असते की नाही, तेही.

अकराला ग्रंथालयातली जुमागुल खाली आली. गेली अकरा वर्षं दोघी दुपारचं जेवण एका टेबलावर जेवत आलेल्या. वर्षभरात ओळखपत्राशिवाय ती आज पहिल्यांदाच या खोलीत येत होती.

“अगं, तुझ्या नावाने कुणीतरी जाळं टाकलंय. मी लगेच तक्रारीचं बटण दाबलं. आम्ही काय दूधखुळ्या आहोत? म्हणे बुरुलची तोई.”

“बरं केलंस,” बुरुल म्हणाली.

तारीख खरी आहे का, हे जुमागुलने विचारलं नाही.

चार वाजेपर्यंत एकोणचाळीस तक्रारी आल्या होत्या, कोपऱ्यात शून्य. चार वाजून दहा मिनिटांनी शून्याचा एक झाला.

भूमापनाचे सातारकुल आगाय, म्हणजे मास्तर, सत्तरीला टेकलेले, निवृत्तीनंतरही शिकवणारे. ‘येईन. एकटाच,’ असं लिहून खाली पासवर्ड दिला होता. कुबानने वरून फोन करून तोंडभर अभिनंदन केलं: दोनशे चौदात एक. त्या एकाला तेवढं प्रशिक्षण द्या, म्हणाला.

नियमाप्रमाणे तिने त्याच दिवशी त्यांचं खातं बंद करून त्यांना बोलावून घेतलं. आगाय आले, ओळखपत्र ठेवलं, आणि खुर्ची ओढून बसलेसुद्धा.

“आगाय, ते पत्र खोटं होतं. मीच पाठवलं, परीक्षा म्हणून.”

“वाटलंच मला. ईमेलचा पत्ता विद्यापीठाचा नव्हता. आधी पत्ता बघायचा, हे तूच शिकवलंस ना?”

“मग पासवर्ड कशाला दिलात?”

“त्याशिवाय पान पुढे सरकेना. येतोय हे कळवायचं कसं?” त्यांनी चष्मा पुसला. “आणि पत्र खरं असतं तर? मी पत्ता तपासत घरी बसलो असतो, तर इथे परत कुठल्या तोंडाने आलो असतो?”

“फोन करून खात्री करायची.”

“काय विचारू फोनवर? बाई, तुझी तोई खरी आहे का?”

बुरुल कीबोर्डकडे वळली. तिने नवा पासवर्ड तयार केला. आगाय उठले, दारापर्यंत गेले आणि थांबले.

“तारीखही खोटी?”

“तारीख खरी आहे.”

“मग शनिवारी दोनला येतो. ते प्रशिक्षण तिथेच उरकून टाक.”

शनिवारी सकाळपासून तिने बोरसोक, पिठाचे फुगीर तुकडे, तळले. पीठ मळायचं ते आईच्या हाताच्या मापाने, आणि ते माप चाळीस माणसांचं होतं; कमी कसं करतात ते तिला कुणी शिकवलंच नव्हतं. दस्तरखान, जेवणाचं लांब कापड, अंथरला, वर बोरसोक ओतले, तर तो या टोकापासून त्या टोकापर्यंत भरला. दोनला आगाय आले, पांढरा रुमाल तिच्या खांद्यावर घातला, मानाच्या जागी बसले. शोरबा झाला, चहा झाला. मग तिने कागद काढला. दहा प्रश्न, पहिले नऊ बरोबर आले.

“शेवटचा. ओळखीच्या माणसाच्या नावाने अचानक निमंत्रण आलं, तर काय कराल?”

“येईन.”

“आगाय, हे उत्तर चालत नाही.”

“मग चूक लिही.”

तिने चूक लिहिलं. दहात नऊ, उत्तीर्ण. प्रशिक्षणाचं ठिकाण या रकान्यात काय भरावं ते कळेना, तो कोरा ठेवला. पाहुण्याला रिकाम्या हाताने पाठवत नाहीत, म्हणून निघताना तिने आगायना बोरसोकची मोठी पिशवी बांधून दिली. ते पायऱ्या उतरून गेटबाहेर गेले. ती आत आली. दस्तरखान अजून जवळजवळ तसाच भरलेला होता, ती ज्या टोकाला बसली होती तिथून ते बसले होते त्या टोकापर्यंत.